बाहीवरचा हात

जपानमधल्या काही संशोधकांनी एका बाहुल्याला ज्युदोच्या मॅटवर उभं केलं. मोटारींच्या टक्कर-चाचण्यांसाठी बनवतात त्या जातीचा, माणसासारखे सांधे असलेला हा बाहुला. डोक्यात धक्का मोजणारी उपकरणं बसवलेली. एका कसलेल्या ज्युदोपटूने त्याला पुन्हा पुन्हा पाडलं. डाव दोनच होते, ओसोतो गारी आणि ओउची गारी. आपल्या आखाड्यात टांग मारणं म्हणतात त्या जातीचे हे डाव. समोरच्याचा पाय बाहेरून किंवा आतून काढायचा आणि त्याला सरळ पाठीवर पाडायचं. मग मॅटखाली आणखी एक मऊ थर घालून तोच प्रयोग पुन्हा केला. डोक्याला गंभीर इजा होण्याचा धोका दाखवणारा आकडा दोन्ही डावांत जवळजवळ निम्म्यावर आला. नियम बदलला नाही, डाव वगळला नाही, फक्त खाली एक थर जास्त आला, इतकंच.

पण या प्रयोगातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी बाब वेगळी आहे. त्या बाहुल्याला पडता येत नव्हतं. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठीची कमान करायची, श्वास सोडायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि शिकवता येणारही नव्हतं. आठ-दहा वर्षांच्या मुलीला मात्र ते येतं. तिला ते कसं येतं आणि येईपर्यंत मोठ्यांनी काय करायचं असतं, हा ज्युदोतला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. पदकांच्या बातम्यांत तो कुठे दिसत नाही.

आधी पडण्याचाच हिशेब करू. दीड मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू साधारण ०.५५ सेकंदात जमिनीवर येते. टेकताना तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. शाळकरी मुलाचं डोकं साधारण याच उंचीच्या आसपास असतं. आता ते मूल घाबरून ताठ झालं आणि टाचांवर फिरत, सरळ दांड्यासारखं मागे कोसळलं, तर आणखी चमत्कारिक प्रकार घडतो. ताठ दांड्याचं वरचं टोक मोकळ्या सोडलेल्या दगडापेक्षाही जास्त वेगाने जमिनीवर येतं. गणित मांडलं तर दीड मीटरच्या दांड्याच्या टोकाचा वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या आसपास निघतो. आणि त्या टोकाला असतं डोकं. घाबरून अंग आवळून घेणं ही आपली उपजत सवय इथे अगदी उलटी पडते.

थांबण्याचा हिशेब त्याहून सोपा. जितक्या उंचीवरून पडलात ती उंची, भागिले थांबायला मिळालेलं अंतर. दीड मीटरवरून पडलेली वस्तू एका सेंटिमीटरात थांबली तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या १५० पट धक्का बसतो. पाच सेंटिमीटरात थांबली तर ३० पट. चार सेंटिमीटरांचा एवढा फरक! ज्युदोची मॅट चार-पाच सेंटिमीटर जाडीची असते, आणि ज्युदोचं माहेरघर असलेल्या टोक्योच्या कोदोकानमधल्या मुख्य सभागृहात जमिनीखाली स्प्रिंगाही बसवलेल्या आहेत, त्या या चार सेंटिमीटरांसाठीच.

ज्युदोतलं पडणं, ज्याला उकेमी म्हणतात, हे अंतर स्वतःच्या शरीरातून निर्माण करतं. मागे पडताना मूल आधी गुडघ्यांत वाकतं, म्हणजे उंचीच कमी होते. पाठ गोल होते, त्यामुळे कंबर, मग पाठीचा मधला भाग, मग खांदे असे एकामागून एक टेकतात आणि एकाच क्षणी बसणारा धक्का लांबत जातो. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, मॅटवर सपकन आपटतात. आणि मान? ती कुठेच टेकत नाही. प्रशिक्षक मुलांना सांगतात, पडताना स्वतःच्या पट्ट्याची गाठ बघायची. गाठीकडे नजर गेली की हनुवटी आपोआप छातीशी येते आणि डोकं मॅटपासून वर राहतं. लहान मुलाला ‘मानेचे पुढचे स्नायू आकुंचित कर’ असं सांगून काही उपयोग नसतो. गाठ बघ म्हटलं की तेच काम होतं. ही सूचना कोणी शोधून काढली कोण जाणे, पण शिकवण्याची यापेक्षा नेमकी युक्ती मी तरी क्वचितच पाहिली आहे.

हे सगळं झोपूनच सुरू होतं. आधी पाठीवर पडून नुसती मान उचलायची आणि हात आपटायचे, मग बसून मागे जायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग चालता चालता, आणि सर्वांत शेवटी कोणीतरी पाडल्यावर. मागे, दोन्ही बाजूंना, पुढे, आणि खांद्यावरून कोलांटी घेत. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पालकांना तर फार. फी भरून महिना झाला आणि पोरगा अजून नुसता लोळतोच आहे, ही तक्रार बहुतेक प्रशिक्षकांनी ऐकलेली असते.

आणि तरीही उकेमी ही सुरक्षिततेची निम्मीच बाजू आहे. उरलेली निम्मी बाजू पाडणाऱ्याच्या हातात असते, आणि ती ज्युदोतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

ज्युदोत दोघे एकमेकांचे कपडे धरून खेळतात. साधारणपणे एका हाताने समोरच्याची कॉलर, दुसऱ्याने त्याच्या कोपराजवळची बाही. पाडताना बाहीवरचा हात तोल बिघडवतो, ओढतो, वळवतो. पण समोरचा हवेत गेल्यावर त्या हाताचं काम बदलतं. आता तो बाही सोडत नाही, उलट वर खेचून धरतो. त्यामुळे पडणाऱ्याचं अंग एका कुशीला वळतं, त्याचा एक खांदा आणि डोकं मॅटपासून वर राहतं, आणि दुसरा हात मॅटवर आपटायला मोकळा मिळतो. म्हणजे ज्याला हरवायचं आहे त्याचं डोकं वाचवण्याची जबाबदारी हरवणाऱ्यावर. स्पर्धेचे नियमही याच बाजूचे आहेत. पूर्ण गुण, म्हणजे इप्पोन, मिळायचा तर प्रतिस्पर्धी वेगाने, जोराने आणि पाठीवर पडला पाहिजे, आणि पाडणाऱ्याचा ताबा अगदी शेवटपर्यंत सुटलेला नसला पाहिजे.

नवशिक्यांच्या जोडीत नेमकं हेच बिघडतं. पाडणारा स्वतःच तोल जाऊन समोरच्यावर कोसळतो, किंवा घाईत बाही सोडून देतो. पडणाऱ्याला पडता येत नाही आणि पाडणाऱ्याला पाडता येत नाही. दोघांनाही न येणं हे एकट्याला न येण्यापेक्षा कितीतरी वाईट.

डोक्याच्या आत काय होतं ते आता पाहू. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून कवटीच्या बाजूच्या मोठ्या शिरेला मिळणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या मधली फट ओलांडून जातात. डोकं जोरात फिरलं आणि एकदम थांबलं की कवटी थांबते, पण मेंदू क्षणभर पुढे जात राहतो, एसटीने करकचून ब्रेक मारल्यावर दांडी न धरलेला प्रवासी जातो तसा. त्या क्षणी या वाहिन्या ताणल्या जातात आणि कधी तुटतात. कवटी आणि मेंदू यांच्यात रक्त साठू लागतं, मेंदूवर दाब वाढतो. डोकं मॅटवर आपटलंच पाहिजे असंही नाही. मान झटक्याने फिरली, तरी हे घडू शकतं. वर एक टेंगूळही दिसत नाही. म्हणूनच हा अपघात इतका फसवा आहे.

मुलांना हा धोका जास्त का, याचं एक कारण शरीराच्या वाढीच्या क्रमात आहे. मेंदू सहाव्या वर्षापर्यंतच मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के आकाराचा झालेला असतो. मान मात्र निवांत वाढते, तिचे स्नायू पौगंडावस्था उलटेपर्यंत भरत राहतात. बारा वर्षांच्या मुलाच्या बारीक मानेवर जवळजवळ पूर्ण वाढलेलं डोकं असतं. उकेमीतली ‘गाठ बघ’ ही सूचना याच मानेला तयार करत असते, आणि ते काम आठवड्याभरात होत नाही.

हे सगळं जपानला फार आधी कळायला हवं होतं. पण कळलं ते उशिरा, आणि तेही ज्युदोच्या बाहेरच्या माणसामुळे. नागोया विद्यापीठातले शिक्षणाचे समाजशास्त्रज्ञ उचिदा र्यो यांनी शाळांतल्या अपघातांच्या भरपाईच्या नोंदी उपसल्या आणि त्यातून ज्युदोचे मृत्यू वेगळे काढले. १९८३ पासूनच्या तीन दशकांत जपानच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत शंभराहून जास्त मुलं ज्युदो खेळताना दगावली होती. वर्षाला तीन-चार. प्रत्येक शाळेत ती एक दुर्दैवी घटना म्हणून नोंदली गेली, फाइल बंद झाली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रांतात दुसऱ्या शाळेने तेच केलं. सगळ्या फाइली एका टेबलावर ठेवायचं काम तोवर कोणी केलं नव्हतं.

डॉक्टरांचे आकडेही याच दिशेने बोट दाखवत होते. २००३ ते २०१० या काळात जपानमध्ये ज्युदोत झालेल्या अतिगंभीर इजांचा एक अभ्यास आहे. त्यात डोक्याच्या ३० आणि मानेच्या १९ घटना होत्या. डोक्याच्या इजा झालेले बहुतेक जण वीस वर्षांच्या आतले, बरेचसे नवशिके, आणि वाहिन्या तुटून रक्त साठणं हाच जवळजवळ प्रत्येक वेळचा प्रकार. त्यांना सर्वांत जास्त वेळा पाडणारा डाव होता ओसोतो गारी. मानेच्या इजांची गोष्ट निराळी. त्या अनुभवी खेळाडूंना झाल्या, आणि अनेकदा स्वतः डाव टाकताना, डोकं खाली घालून पुढे झेपावल्यामुळे.

या आकडेवारीत एक गोष्ट थरकाप उडवणारी आहे. डोक्याच्या इजांची दोन शिखरं दिसतात, एक माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात आणि दुसरं उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षात. जपानमध्ये वयाच्या बाराव्या आणि पंधराव्या वर्षी शाळा बदलते, नवं मूल क्लबात येतं, आणि त्याच्यासमोर उभा राहतो दोन वर्षांनी मोठा, कितीतरी जड, डाव बसलेला मुलगा. तिथल्या शालेय क्लबांत मोठ्यांचा मान कडक असतो. दमलेल्या नवख्याने थांबतो म्हणायचं नसतं. काही मुलांनी अपघाताच्या आधीच्या दिवसांत डोकं दुखत असल्याची तक्रारही केली होती. डोकं एकदा हललेलं असताना त्यावर दुसरा धक्का बसणं किती घातक असतं, हे आज वैद्यकाला नीट माहीत आहे. मुलाचं डोकं दुखतंय म्हटल्यावर त्याला बाजूला न बसवणाऱ्याला तेव्हाही ते माहीत नव्हतं असं म्हणून सोडून देणं मला जड जातं.

२०१० मध्ये मुलं गमावलेल्या आणि मुलं कायमची जायबंदी झालेल्या पालकांनी संघटना उभारली. त्याच सुमारास सरकारने ठरवलं होतं की एप्रिल २०१२ पासून माध्यमिक शाळेत पारंपरिक युद्धकला सक्तीच्या होणार, आणि बहुसंख्य शाळा ज्युदोच निवडणार हे उघड होतं. अनेक व्यायामशिक्षकांना ज्युदो शिकवायची तयारी म्हणून मिळालेलं प्रशिक्षण जेमतेम काही दिवसांचं. ओरड झाली. शिक्षण मंत्रालयाने वर्गातल्या सुरक्षिततेच्या सूचना काढल्या, ज्युदो महासंघाने प्रशिक्षकांसाठी परवान्याची पद्धत आणली, नवशिक्यांना ओसोतो गारीपासून लांब ठेवायची चर्चा सुरू झाली. आणि आश्चर्य असं की २०१२ ते २०१४ या सलग तीन वर्षांत शाळांतल्या ज्युदोत एकही मृत्यू झाला नाही. डाव तेच, मॅट त्याच, मुलंही तीच. २०१५ मध्ये पुन्हा एक मृत्यू झाला, पुन्हा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. म्हणजे ही काळजी एकदा घेतली आणि कायमची झाली, असं तिचं नसतं.

जपानी पालकांनी इतर देशांत चौकशी केली तेव्हा त्यांना आणखी मोठा धक्का बसला. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका यांपैकी कुठेही शाळकरी मुलांचे असे मृत्यू त्यांना सापडले नाहीत. फ्रान्सचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. तिथे पाच लाखांहून जास्त नोंदणीकृत ज्युदोपटू आहेत, खुद्द जपानच्या कितीतरी पट, आणि त्यांतली मोठी संख्या मुलांची. मग फरक कशाचा? फ्रान्सने १९५५ मध्येच कायदा करून ज्युदो शिकवणं हा परवान्याचा व्यवसाय ठरवला. सरकारमान्य पदविका असल्याशिवाय पैसे घेऊन ज्युदो शिकवता येत नाही, आणि त्या पदविकेसाठी शरीरशास्त्र, मुलांची वाढ, अध्यापन, प्रथमोपचार यांचा अभ्यास करावा लागतो. काळा पट्टा असणं म्हणजे शिकवता येणं असं तिथे कोणी धरून चालत नाही. जपानमध्ये मात्र ज्युदो घरचाच, तो सगळ्यांना येतोच, असं गृहीत होतं.

रंगीत पट्ट्यांचीही यात थोडी भूमिका असावी असं मला वाटतं, जरी ती कोणी मोजलेली नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या मधल्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या पायऱ्या युरोपात वाढल्या. पॅरिसमध्ये १९३०च्या दशकात कावाइशी मिकोनोसुके यांनी ती पद्धत रुजवली. मुलाला पुढचा रंग दिसत राहतो आणि त्या रंगासाठी नेमकं काय यायला हवं हे ठरलेलं असतं, त्यामुळे अवघड डाव त्याच्यापर्यंत आपोआप उशिरा पोचतात.

खरं तर ज्युदोचा जन्मच धोका कमी करण्याच्या खटाटोपातून झाला आहे. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोक्योच्या एइशो-जी मंदिरात अवघ्या बारा तातामींच्या जागेत वर्ग सुरू केला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांत सांधे मोडणारे, घाव घालणारे प्रकार भरपूर होते. कानोंनी ते मुक्त सरावातून काढून टाकले आणि ठरवून केलेल्या संथ रचनांपुरते ठेवले. उरलं ते असं की पूर्ण ताकदीने खेळावं आणि तरी उद्या पुन्हा त्याच जोडीदारासोबत खेळता यावं. १९२५ पर्यंत स्पर्धेत सांधे मुरडायची परवानगी फक्त कोपरापुरती उरली होती. कानो पेशाने शिक्षक होते, शिक्षक घडवणाऱ्या टोक्योच्या महाविद्यालयाचे ते अनेक वर्षं प्राचार्य होते. त्यांच्याच खेळाने शाळांत मुलं मारावीत, हे वाचताना राहून राहून खटकतं.

नियम अजूनही घासले जात आहेत. दोन पायांची कात्री घालून समोरच्याला मागे पाडणारा कानी बासामी हा डाव पूर्वी चालायचा. १९८० मध्ये जपानच्या स्पर्धेत एंदो सुमिओ यांनी तो टाकला आणि यामाशिता यासुहिरो यांचा पाय मोडला. यामाशिता तेव्हा अजिंक्य मानले जात. पुढे तो डाव बंद झाला. डोकं खाली घालून मॅटवर झेप घेत डाव टाकणाऱ्याला थेट बाद करायचा नियम झाला. पाठीवर पडणं टाळायला डोक्यावर आणि मानेवर तोलून राहणाऱ्यालाही तीच शिक्षा ठरली. म्हणजे स्वतःची मान धोक्यात घातली म्हणून सामना हरायचा! गळा आवळण्याचे आणि कोपर ताणण्याचे प्रकार लहान वयोगटांत बहुतेक देश वगळतात. ज्या वयोगटांत ते आहेत, तिथे दोनदा थोपटलं की संपलं. थोपटायला लाजू नये, हेही शिकवावंच लागतं.

हे सगळं भीषण अपघातांबद्दल झालं. रोजच्या वर्गात होणाऱ्या इजा बऱ्याच साध्या असतात. मुरगळा, मुका मार, बोटं सुजणं, गुडघा, खांदा. मुलांत नेहमी दिसणारी दुखापत म्हणजे गळपट्टीचं हाड किंवा कोपर. पडता पडता मूल सवयीने हात मागे टेकवतं, सगळं वजन त्या एका ताठ हातावर येतं, आणि धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढतो. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, हाड तिथूनच लांब होतं. हा थर शेजारच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असतो. त्यामुळे ज्या पिरगळण्यात मोठ्या माणसाचा नुसता सांधा मुरगळेल, तिथे मुलाच्या वाढीच्या थराला इजा होऊ शकते. ‘मुरगळलंय, तेल लाव’ हे मुलाच्या बाबतीत एक्स-रे काढल्यावरच म्हणावं. जाता जाता नायट्याचाही उल्लेख हवा. अंगाला अंग घासणाऱ्या या खेळात एक विशिष्ट बुरशी जपानपासून युरोपपर्यंत ज्युदो आणि कुस्तीच्या क्लबांत पसरलेली आहे. धुतलेला ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख), कापलेली नखं आणि पुसलेली मॅट हे नुसते शिस्तीचे सोपस्कार नाहीत.

वजनाचं प्रकरण अधिक गंभीर. खालच्या गटात खेळायला मिळावं म्हणून जेवण तोडणं, पाणी तोडणं, जाड कपडे घालून घाम काढणं हे कुस्तीत आणि ज्युदोत दोन्हीकडे चालतं. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची तयारी करणारा दक्षिण कोरियाचा एक ज्युदोपटू वजन घटवतानाच दगावला. पुढच्या वर्षी अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल गेले. वाढत्या वयाच्या मुलाने हे करणं म्हणजे वाढीच्या दिवसांत वाढ थांबवणं. आणि शरीरातलं पाणी कमी झालेला, डोकं जड झालेला मुलगा पडताना हनुवटी छातीशी घ्यायला अर्धा क्षण उशीर करतो. अर्धा क्षण म्हणजे काय ते वर पाहिलंच.

मार्च २०२२ मध्ये जपानच्या महासंघाने एक निर्णय घेतला. तेव्हा त्याचे अध्यक्ष होते पाय मोडलेले तेच यामाशिता. पाचवी-सहावीच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी कायमची बंद केली. एवढ्याशा मुलांना वजन घटवायला लावलं जातंय, प्रेक्षकांतून पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडतायत, असं कारण होतं. टीका झाली, मुलांची संधी गेली असंही लोक म्हणाले. मला मात्र तो निर्णय धाडसी वाटतो. आपल्याच खेळाची राष्ट्रीय स्पर्धा बंद करणारा महासंघ कुठे बघायला मिळतो?

आणि मोठ्या माणसाचा ताबा सुटला तर काय होतं, याचं सर्वांत काळं उदाहरण तैवानमधलं. एप्रिल २०२१ मध्ये ताइचुंगमध्ये नुकत्याच शिकायला लागलेल्या सात वर्षांच्या मुलाला प्रशिक्षकाच्या वर्गात पंचवीसहून जास्त वेळा पाडलं गेलं. तो मुलगा दोन महिन्यांहून जास्त काळ बेशुद्ध राहून गेला. प्रशिक्षकाला नऊ वर्षांची कैद झाली. इथे डाव, मॅट, उकेमी यांपैकी कशाचाही दोष काढता येत नाही.

भारतात ज्युदो आला तो शाळेतूनच. रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये सानो जिन्नोसुके यांना आणि १९२९ मध्ये ताकागाकी शिन्झो यांना शांतिनिकेतनात शिकवायला आणलं. आज आपल्याकडे शालेय स्पर्धांत ज्युदो आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेवोला मणिपूरच्या लिंथोई चानंबमने ५७ किलो गटात जागतिक कॅडेट सुवर्ण जिंकल्यापासून मुलींची उत्सुकताही वाढलेली असावी. महाराष्ट्रात मात्र पुष्कळ मुलांची ज्युदोशी पहिली गाठ पडते ती उन्हाळी शिबिरात. पंधरा-वीस दिवस, मे महिन्याचा उकाडा, पत्र्याचा हॉल, अंगात जाड सुती ज्युदोगी. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक. त्या प्रात्यक्षिकाचीच मला धास्ती वाटते, कारण पालकांना पडणं बघायचं नसतं, पाडणं बघायचं असतं, आणि आयोजकांनाही ते ठाऊक असतं. पंधरा दिवसांत मुलाला सगळ्या बाजूंना नीट पडता आलं, तर शिबिराचं काम झालं असं समजावं. त्याच्यापुढचं सगळं वर्षभराच्या वर्गाला सोडावं.

वर्ग बघायला गेलात तर भिंतीवरच्या चषकांपेक्षा खाली बघा. मॅटच्या जोडांत फटी आहेत का? जिथे पाडापाडी चालते तिथून भिंत किती लांब आहे? मोठी, जड मुलं नवख्यांशी पूर्ण जोराने खेळतायत का? पाडणाऱ्याचा हात शेवटपर्यंत बाहीवर राहतो का? आणि एखादं मूल डोकं धरून उभं राहिलं तर सर काय करतात? डोक्याला धक्का बसल्याची शंका आली तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर पाठवायचं नाही, नंतरही पायरी-पायरीने परतायचं, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि पुन्हा पाडापाडी सुरू करायच्या आधी डॉक्टरांची परवानगी, हा आज जगभर मान्य झालेला क्रम आहे. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी दिसली तर थांबायचंच नाही, सरळ रुग्णालय. हे सगळं विचारल्यावर जो प्रशिक्षक वैतागतो, त्याच्याकडे मूल ठेवू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पडण्याचं हे तंत्र मॅटबाहेर किती उपयोगी पडेल, याचाही अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या संशोधकांना वृद्धांचं खुब्याचं हाड मोडण्याची चिंता होती. त्यांनी ज्युदोसारख्या कलांमधलं बाजूला पडण्याचं तंत्र प्रयोगशाळेत मोजलं. लोळत पडल्याने खुब्यावरचा धक्का पावपटीहून जास्त कमी झाला. मॅटवर हात आपटा किंवा नका आपटू, त्या आकड्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मुलांना सर्वांत आवडणारा, सगळा हॉल दणाणून सोडणारा तो फटका निदान खुब्यासाठी फारसं काही करत नव्हता. तरी प्रशिक्षक तो शिकवतात, आणि बरोबरच करतात. पडणाऱ्या मुलाच्या हाताला काहीतरी काम दिलं नाही तर तो हात सवयीने मागे जाऊन टेकतो, आणि मग कोपर मोडतं.